एका येनचं अर्धं

"विचार करून ठेवतो," निशिओसान म्हणाले आणि त्यांनी हात पुन्हा पाण्यात घातला.

टोफूच्या हौदात त्यांचा हात कोपरापर्यंत बुडालेला होता. तळव्यावर पांढरी वडी अलगद वर आली, तिथेच हातावर त्यांनी सुरी टेकवून तिचे चौकोन पाडले आणि आमच्या डब्यात सरकवले. पद्माने पैसे दिले. ते घेताना निशिओसाननी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची बायको मागे भट्टीपाशी सोयाबीनचं दूध गाळत होती, तिनेही पाहिलं नाही.

दुकानाबाहेर आल्यावर मी पद्माला म्हणालो, काम झालं. नुसतं 'विचार करतो' म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. 'करून ठेवतो' म्हणाले. म्हणजे पापड करून ठेवतात तसा विचार करून, वाळवून, डब्यात भरून ठेवणार. आपण जायचं आणि उचलून आणायचा.

पद्माला आठवा महिना होता. थोडं चालली की ती भिंतीला हात टेकायची. तशी टेकून ती म्हणाली, "अहो, हे आमच्या अप्पांचं 'बघू' आहे."

तिच्या वडिलांचं सांगलीत कापडाचं दुकान. अप्पांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. ज्याला उधार द्यायचं नसेल त्याला ते प्रेमाने 'बघू' म्हणायचे, आणि गिऱ्हाईक छत्री उचलून चालायला लागायचं.

"तुला जपानी येतं किती?" मी विचारलं.

"टोफूपुरतं. पण 'बघू' कळायला भाषा लागत नाही."

मी ऐकून सोडून दिलं. त्या दिवसांत मला होकारच ऐकायचा होता, मग तो कुठल्याही शब्दात का असेना.

ही गोष्ट शतक बदलायच्या जरा आधीची. तोयामाकडच्या एका बंदरगावात मी दुग्गलसाहेबांच्या यार्डात हिशेब लिहायला होतो. जुन्या जपानी मोटारी रशियन खलाशांना विकायच्या, असा धंदा. दुग्गलसाहेबांची जमेची बाजू भरघोस होती: दिवाळीला मिठाई, पाठीवर थाप, बायकोची चौकशी. नावेची बाजू मला शेवटी कळली, आणि वह्या तर मीच लिहीत होतो. एका सकाळी यार्डाच्या फाटकाला साखळी होती आणि साहेब दुबईत होते. माझा दोन महिन्यांचा पगारही त्यांच्याबरोबर दुबईला गेला.

आमची खोली कंपनीच्या नावावर, आणि जामीनही कंपनीच. घरमालकाच्या वतीने व्यवहार बघणारे होरीसान दारात आले आणि इतके खाली वाकले की त्यांच्या टकलाचा मागचा भाग मला दिसला. या देशात समोरचा किती खाली वाकतो त्यावरून आपलं किती नुकसान झालंय ते कळतं, हे मी तोवर शिकलो होतो. ते म्हणाले, काही अडचण नाही. करार तुमच्या नावाने करू. फक्त एक जपानी जामीन आणा, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर खोली मोकळी करावी लागेल, फार वाईट वाटतं.

मग पुन्हा वाकले.

नोकरी समोर दिसत होती. बशीरभाईंचं सुट्या भागांचं गोदाम होतं, लाहोरचा माणूस, पंधरा वर्षं तिथे. ते म्हणाले होते, पहिल्या तारखेपासून या, पण पत्त्याचा कागद घेऊन या, त्याशिवाय तुमचा व्हिसा पुढे सरकणार नाही. ते स्वतः डोळे मिटून जामीन राहिले असते, पण ते जपानी नव्हते. म्हणजे खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर इथे राहायला परवानगी नाही. आणि परत जायचं म्हटलं तर डॉक्टरांनी पद्माच्या पायांवरची सूज दाबून बघितली, रक्तदाबाचा आकडा बघितला आणि विमानाला सरळ नकार दिला. बाळ इथेच व्हायचं. कुठल्या छपराखाली, एवढंच ठरायचं होतं. तिथे सहीऐवजी नावाचा लाल शिक्का मारतात; सगळा संसार तसल्या एका शिक्क्याला टांगलेला.

त्या शिक्क्यासाठी मी गावभर फिरलो. फुकट जपानी शिकवणाऱ्या बाई, दुग्गलसाहेबांकडून तीन मोटारी घेतलेले दंतवैद्य, दर रविवारी 'भारत, बुद्ध' म्हणून माझा हात हातात घेणारे निवृत्त पोस्टमास्तर. जामीन हा शब्द निघाला की सगळे दातांतून श्वास आत ओढायचे, मिरचीचा तुकडा दाताखाली आल्यासारखा. मग हवामानावर बोलायचे. पोस्टमास्तर पुढच्या रविवारी दिसले तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर होते आणि बुद्धाचं काही बोलले नाहीत.

राहिले निशिओसान. आम्ही जैन, आणि गाव मासेमारीचं. तिथे भाजीच्या रश्शातसुद्धा मासा असायचा, फक्त दिसायचा नाही. आमचं पोट टोफूवर चाललेलं. पद्मा रोज जायची. दूध गाळून उरलेला सोयाबीनचा चोथा ते फेकून देतात, हे कळल्यावर तिने तो मागून घेतला आणि त्याची थालीपिठं लावली. एक त्यांनाही नेऊन दिलं. निशिओसाननी ते उभ्याउभ्या खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी चोथ्याची मोठी पिशवी बांधून ठेवली, म्हणजे आवडलं.

एकदा त्यांनी तिला गंमत दाखवली होती. एक येनचं नाणं हौदातल्या पाण्यावर आडवं ठेवलं, ते तरंगत राहिलं. इतकं हलकं. पद्माने पर्समधून आपला रुपया काढून ठेवला, तो तळाला गेला. निशिओसान खूप हसले. त्यांच्या बायकोने हात घालून रुपया वर काढला, ॲप्रनला पुसला आणि पद्माच्या हातात दिला, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की हौदात नाणी टाकायचा खेळ तिथे संपला. हिशेबाची माणसं मला लांबून ओळखू येतात. दुकान निशिओसानच्या हातावर चालायचं आणि बाईंच्या डोळ्यावर.

तर मी वाट पाहिली. रोज दुकानावरून गेलो. ते रोज म्हणाले, थंडी वाढली. मी म्हणालो, हो, वाढली. विचार अजून वाळत असावा.

मग एका सकाळी दुकानाचं शटर खाली होतं आणि त्यावर काळ्या चौकटीचा कागद. समोरच्या न्हाव्याने, काताओकासानने, मला थांबवून सांगितलं. पहाटे भिजलेलं सोयाबीन उपसताना गेले. हृदय.

घरी येऊन मी पद्माला सांगितलं, जामीन गेला. मी 'निशिओसान गेले' म्हणालो नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "भिजत घातलेल्या सोयाबीनचं काय झालं असेल हो?"

माझं डोकं दुसरीकडे होतं. तिथे मयताला पाकिटातून पैसे देतात, हे मला माहीत होतं. वह्या-कागदाच्या दुकानातल्या मुलीला विचारून काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं योग्य पाकीट आणलं. शेजारीपाजारी तीन हजार देतात, फार तर पाच, असं ती म्हणाली. मी दहा ठरवले. बँकेत उरलं होतं त्यातले दहा म्हणजे आठ-दहा दिवसांचं जेवण. पण तीन हजार देणारा माणूस गर्दीत हरवतो, दहा देणारा लक्षात राहतो. यंत्रातून आलेल्या नोटांपैकी एक करकरीत, सुरकुती नसलेली नोट निवडली. दिसायला तरी चांगली दिसावी.

पद्मा बघत होती. "मयतात गुंतवणूक करताय?" ती म्हणाली.

मी म्हणालो की छप्पर पाहिजे.

गर्भार बाईने मयताला जायचं नाही, म्हणून ती घरीच राहणार होती. पाकीट तिने हातात घेतलं, भाताच्या शिताने चिकटवलं आणि मला दिलं.

दिवाणखान्याएवढ्या हॉलच्या दाराशी टेबल मांडलं होतं. पाकिटं घ्यायला काताओकासान काळ्या कोटात बसले होते, शेजारी निशिओसानचा मुलगा उभा होता. तो ओसाकाला बँकेत होता. मी वाकलो, पाकीट दोन्ही हातांनी दिलं, पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं. ते बरोबर आलं. पाकीट मागच्या पडद्याआड गेलं, तिथे कुणीतरी उघडून रक्कम लिहून घेत होतं. मी आत जायला वळलो तेवढ्यात पडद्यातून एक हात बाहेर आला आणि काताओकासानच्या कानाशी कुणी काही बोललं.

"मगदूमसान," काताओकासान अगदी हळू म्हणाले, "हे आत चुकून आलं असावं."

त्यांच्या तळहातावर एक येनचं नाणं होतं.

मी ते पाहिलं आणि मला पद्माची बोटं दिसली. आमच्या घरातून पाकीट कधी शून्यावर संपणारी रक्कम घेऊन बाहेर पडलेलं नाही. लग्न, बारसं, वास्तुशांत, जे असेल ते, वर एक. आमच्याकडे मयताला पाकीट देत नाहीत, म्हणून तिथे एक घालायचा की नाही हा प्रश्नच तिला आयुष्यात पडला नव्हता. पाकीट दिसलं, हाताने आपलं काम केलं.

मी फक्त 'हो, चुकून' म्हणायचं होतं. पण दहा हजारांची चांगली छाप पुसली जाईल या भीतीने मी खुलासा करायला गेलो. मोडक्या जपानीत सांगितलं, चूक नाही. आमच्याकडे वर एक ठेवतात. म्हणजे संपत नाही, पुढे चालू राहतं.

काताओकासानचा चेहरा मी अजून विसरलो नाही. वस्तरा घसरलेल्या न्हाव्याचा चेहरा तसा होत असेल. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. अशा जागी 'पुढे चालू', 'आणखी एक', 'पुन्हा' हे शब्द काढायचे नसतात. मृत्यू पुढे चालू राहावा, आणखी एक व्हावा, असं ते ऐकू येतं. आणि नोट. कोरी नोट म्हणजे ती आधीपासून तयार ठेवली होती, माणूस जायची वाट बघत होता. म्हणून जुनी द्यायची, निदान एक घडी तरी घालायची.

"तुम्हाला माहीत नसणार," ते म्हणाले. "काही अडचण नाही."

होरीसानही 'काही अडचण नाही'च म्हणाले होते.

मुलाने सगळं ऐकलं होतं. तो माझ्यासमोर आला आणि वाकला. सावकाश, पूर्ण कमरेतून, फार खाली. मी त्याच्या मानेकडे बघत उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्या घराचं खातं बंद केलं. आत फोटोपाशी निशिओबाई काळ्या किमोनोत बसल्या होत्या. उदबत्ती लावून मी त्यांच्यापुढे वाकलो. त्या वाकल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर पद्माला सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. "मी मेलेल्या माणसाला वर एक दिला," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. नळ फार वेळ चालू होता. पाण्याचं बिल वाढेल, असा विचार माझ्या मनात आला. तेवढाच आला. दुसरा कुठला विचार करायला मन घाबरत असावं.

मग आम्ही बांधाबांध सुरू केली. बशीरभाईंनी गोदामाच्या माळ्यावर जागा देऊ केली, खाली रेडिएटर आणि टायर. पत्ता म्हणून तो चालणार नव्हता, पण पाऊस लागणार नव्हता. माळ्याला शिडी होती. मी ती शिडी जाऊन बघून आलो, हलवून बघितली, आणि पद्माला सांगितलं नाही की शिडी आहे. होरीसान येऊन गेले. त्यांनी चटया तपासल्या, भिंतीवरचा फोडणीचा डाग बोटाने पुसून बघितला, वहीत लिहिला आणि फार वाईट वाटतं म्हणाले. इस्पितळात न्यायची पिशवी पद्माने दाराशी वेगळी ठेवली होती. ती कुठल्या खोक्यात घालायची नाही, एवढंच तिने मला बजावलं. त्यानंतर ती बोलायची बंद झाली. चोथा संपला होता. दुकान बंदच होतं. आम्ही भात आणि मीठ खात होतो आणि मी सगळ्या खर्चाच्या रकमा मनात पुन्हा पुन्हा मांडत होतो, जशी काही एखादी बेरीज चुकलेली सापडेल आणि त्यातून घर निघेल.

शेवटच्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. होरीसान असतील म्हणून मी चावी घेऊनच दार उघडलं.

निशिओबाई होत्या. काळे कपडे, हातात कापडात बांधलेलं खोकं. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, चपला काढायच्या पायरीवरच बसल्या. खोक्यांकडे त्यांनी एकदा नजर फिरवली, आणि दाराजवळच्या इस्पितळाच्या पिशवीवर ती जरा थांबली.

त्या म्हणाल्या की मयताला आलेल्या पैशांची अर्धी परतफेड वस्तूने करायची असते, आणि ती दुखवटा संपल्यावर. पण आम्ही जाणार असं काताओकासानकडून कळलं. गेल्यावर कुठे शोधायचं, म्हणून आधीच आणली. त्यांनी खोकं पुढे सरकवलं. चहा होता. पाच हजारांचा, हे त्यांनी सांगितलं नाही, पण किमतीची चिठ्ठी आतल्या कागदावर राहिली होती. ती राहू दिली असावी.

मी वाकलो. झाल्या प्रकाराबद्दल माफी मागायला तोंड उघडलं.

"एका येनचं काय करायचं?" त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"दहा हजारांचे पाच झाले. एकाचं अर्धं कसं देऊ? मी लहान असताना अर्ध्या येनचं नाणं होतं. सरकारने बंद केलं." त्यांचा चेहरा टोफूचे पैसे मोजताना असायचा तसाच होता. "मुलाला विचारलं. तो बँकेत आहे. त्यालाही सांगता येईना."

"ते राहू द्या," मी म्हणालो. "चूक होती ती."

"काताओका म्हणाला, तुम्ही चूक नाही म्हणालात. पुढे चालू राहावं म्हणून ठेवतात म्हणालात."

पद्मा मागे भिंतीला टेकून उभी होती.

"पूर्ण परत केला तर तुमचा अपमान. नाही केला तर आमच्या डोक्यावर राहतो. आमच्या घरावर कुणाचं काही राहिलेलं नाही." त्यांनी हात पुढे केला. "तो होरीचा कागद कुठे आहे?"

जामिनाचा तो कागद माझ्या खिशातच होता, घडी घालून घालून त्याचं कापड झालेलं. मी तो दिला नाही. का ते आज सांगता येणार नाही, पण मी दिला नाही, आणि विचारलं, "निशिओसान काय म्हणाले होते? विचार करून ठेवतो म्हणाले होते."

"ते नाही म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नाही?"

मागून पद्माने घसा साफ केला.

"अनोळखी माणसाला जामीन राहू नये म्हणायचे. बरोबरच म्हणायचे. मुलगाही तेच म्हणतो. तुमचा मालक रातोरात पळाला, सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्ही पळालात तर होरी माझ्या दारात येणार. माझ्याकडे दुकान आहे, दुसरं काही नाही." त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "पळाल का?"

उत्तर सोपं होतं. पण मला एकदम दिसलं की माझ्या प्रत्येक शब्दाची किंमत त्या बाई मोजणार आहेत, आणि माझ्या जपानीत नेमके तेच शब्द होते जे दुग्गलसाहेब वापरायचे. नक्की. अवश्य. काळजी नसावी. मी बशीरभाईंकडच्या पगाराचा आकडा सांगायला लागलो, भाड्याचा सांगितला, दोन्हींची वजाबाकी केली. त्या ऐकत होत्या, पण कागदासाठी पुढे केलेला हात त्यांनी मांडीवर मागे घेतला होता.

तेव्हा पद्मा पुढे आली. पोट सावरत, पायरीपाशी वाकायचा प्रयत्न केला, जमेना, तशीच उभी राहिली. तिच्याकडे जेवढं जपानी होतं तेवढं ती बोलली. रोज दुकानातून निघताना म्हणायची तेच.

"उद्या पण, एक."

दुकान बंद आहे, टोफू करणारा माणूस गेला आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती तेच म्हणाली, आणि निशिओबाईंचा चेहरा मधूनच हलला, पाण्यावरून वारा गेल्यासारखा. त्या काही वेळ पद्माच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिल्या.

मग विचारलं, "मऊ की घट्ट?"

"घट्ट," पद्मा म्हणाली.

बाईंनी पट्ट्यात खोचलेली छोटी पिशवी काढली. त्यातून शिक्का निघाला आणि लाल शाईची डबी. म्हणजे तो त्या घरून घेऊनच आल्या होत्या. मी कागद पायरीवर पसरला, त्यांनी हाताने घड्या दाबून दाबून सपाट केला, शिक्का श्वासाने ओला केला, शाईत टेकवला आणि दाबला. दाबल्यावर लगेच उचलला नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मुलाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी सांगेन."

"कधी?" मी विचारलं.

"विचार करून ठेवते," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या. सोयाबीन भिजत घालायला उशीर झाला होता.